बिनधुराची न्हाणी

आमच्या वीज खात्याच्या ठाण्याच्या ऑफिसात जिन्याखाली एक खोली होती. बाकीच्या खोल्यांत लोक वीज मागायला यायचे. या खोलीत बसून आम्ही त्यांना वीज कमी वापरा म्हणून सांगायचो, आणि त्यांनी ऐकलंच तर वरून पैसेही द्यायचो. खात्यातली बाकीची मंडळी आमच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत. किराणा दुकानदारानं एक माणूस खास ‘साखर कमी खा’ सांगायला ठेवावा, तसं त्यांना वाटत असणार.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी त्या खोलीत बदली झाली. धंदेवाल्यांसाठी योजना होती. लॉज, हॉस्पिटल, मंगल कार्यालय, लाँड्री, कारखान्याचं कँटीन, अशा कुणी विजेच्या हीटरऐवजी छपरावर सौर बंब बसवला, तर खर्चाचा काही भाग खातं देणार. अर्धे पैसे बसवल्यावर, अर्धे एक हिवाळा गेल्यावर. मधल्या काळात बंब खरोखर चालतोय का, हे बघून यायचं काम माझं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गच्च्या मी त्यामुळे जितक्या चढले, तितक्या कुठल्या पतंगवाल्या मुलानंही चढल्या नसतील. पदर खोचून, खांद्याला पिशवी, पिशवीत लांब काचेचा थर्मामीटर. दार उघडणारा हमखास माझ्या मागे बघायचा आणि विचारायचा, “साहेब मागून येतायत का?”

“मीच साहेब,” असं सांगायची सवय व्हायला मला थोडा वेळ लागला. त्यांना त्याहून जास्त लागला.

सौर बंब म्हणजे काय, हे तेव्हा रोज समजावून सांगावं लागे. छपरावर एक उथळ पेटी. तिच्यात तांब्याच्या नळ्या, त्यांना जोडलेला काळा पत्रा, वर काच. ऊन काचेतून आत शिरतं, पत्रा तापतो, पत्र्यामुळे नळीतलं पाणी तापतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली उतरतं. पंप नाही, बटण नाही. टाकीला जाड दुलईसारखं वेष्टण असतं, त्यामुळे दिवसभर तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहतं. इतकंच. आमच्या विजेच्या माणसांना ते पटायचं नाही, कारण त्यात कुठं फ्यूजच नव्हता.

लोकांच्या अडचणी भलत्याच असायच्या. डोंबिवलीच्या एका लॉजमध्ये पाणी तापत नाही अशी तक्रार आली. वर जाऊन बघते तर सगळ्या काचांवर मालकीणबाईंनी पापड वाळत घातलेले. “एवढी चांगली उन्हाची जागा रिकामी कशी ठेवायची?” असं त्यांचं म्हणणं. एमआयडीसीकडच्या एका कँटीनच्या काचांवर कारखान्यांच्या धुरानं असा पिवळा थर बसायचा की तो फडक्यानं निघत नसे. आणि कल्याणच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणत, माझ्याशी अख्खी दुपार दिशेवरून वाद घातला.

आपल्या भागात ऊन पुरतं मिळायचं तर पेटीचं तोंड दक्षिणेला करावं लागतं. अण्णा म्हणाले, “मॅडम, लग्नाचं कार्यालय आहे हो. यमाच्या दिशेला तोंड करून एवढ्या पेट्या बसवल्या तर मुलीकडचे बुकिंग रद्द करतील.”

“सूर्यच त्या अंगानं जातो, अण्णा. मी काय करू?”

“उत्तरेला नाही जमणार? थोडं कमी तापलं तरी चालेल.”

“थोडं नाही, पाणी कोमटच राहील. नवरदेव कुडकुडत बोहल्यावर चढेल.”

तेवढ्यात आतून अण्णांच्या बायकोचा आवाज आला, “अहो, मारुती दक्षिणमुखी चालतो ना तुम्हाला? शनिवारी जाता की नारळ घेऊन!”

प्रश्न मिटला. पेट्या दक्षिणेला बसल्या. पुढच्या तपासणीला गेले तर प्रत्येक काचेच्या मधोमध तळहाताएवढा शेंदूर थापलेला. तो काढायला कुणी तयार होईना. शेवटी शेंदूर पेट्यांखालच्या लोखंडी घोडीला लावायचा आणि काच मोकळी ठेवायची, असा तह झाला. काचांवरचा शेंदूर मी स्वतःच्या रुमालानं पुसला. रुमाल टाकून द्यावा लागला.

असल्या गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. पण मला कुणी त्या नोकरीबद्दल विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे आंबीबाई येते.

तिची माझी पहिली गाठ सौर खोलीतली नाही. त्याआधी मी खात्यात सुरक्षा तपासणीला होते. शॉक लागल्याची खबर आली की जाऊन बघायचं, धोका असेल तर जोडणी तोडायची. एका सकाळी खबर आली, माजिवड्याला एका न्हाणीघरात ट्रक ड्रायव्हरला शॉक लागलाय.

माजिवडा तेव्हा आजच्यासारखा नव्हता. नाशिकचा रस्ता, घोडबंदरचा रस्ता आणि मुंबईचा हायवे तिथं एकत्र येतात. मुंबईत शिरण्याआधी ट्रक तिथं कडेला लागायचे. दोन-दोन दिवस गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हर-क्लीनरला माल उतरवण्याआधी अंग धुवायचं असायचं. हायवेला लागून आंबीबाईची वडिलोपार्जित जागा होती. एक विहीर, एक पत्र्याची लांबट शेड, आत शहाबादी फरश्या आणि बसायला दगड. बादलीमागे दर ठरलेला. आधी ती लाकडाच्या भट्टीवर मोठं पिंप ठेवून पाणी तापवायची. वर्षानुवर्षं भट्टी फुंकून तिचे डोळे अधू झाले आणि छातीत घरघर बसली. म्हणून तिच्या जावयानं डोकं चालवलं. त्यानं थोड्याच दिवसांपूर्वी लोखंडी पिंपात विजेची उघडी कॉइल सोडली आणि वायर मीटरला जोडली. अर्थिंग नाही, काही नाही. पिंपाला पाय लावून कुणी ओल्या फरशीवर उभा राहिला की संपलं.

राममिलन नावाचा वयस्कर ड्रायव्हर उभा राहिला होता. तो आडवा पडला, पण क्लीनरनं बांबूनं वायर उडवली म्हणून वाचला. मी पोचले तेव्हा तो ट्रकच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसलेला आणि आंबीबाई त्याला साखरेचं पाणी पाजत होती. उंच, सडसडीत, कासोटा घातलेली, कपाळ मोकळं. पन्नाशीची असावी.

माझ्याबरोबर लाइनमन भोईर होते. ते बाळकुमचे, आंबीबाईला लहानपणापासून ओळखणारे. पिंप बघून ते हळूच म्हणाले, “मॅडम, कापायलाच लागंल. पण आमच्या गावकीतली हाय. शब्द तुमच्या तोंडातून जाऊ दे.”

मी आंबीबाईला सांगितलं, “वीज तोडावी लागेल.”

“पुरी?”

“पुरी. आज हा वाचला. उद्या दुसरा वाचेल असं नाही.”

ती भांडेल अशी माझी अपेक्षा होती. जोडणी तोडताना लोक शिव्या देतात, रडतात, नगरसेवकाला बोलावतात. तिनं फक्त राममिलनकडे बघितलं आणि म्हणाली, “तोडा. मना मानूस मारायचा नाय.” भोईर खांबावर चढले. ती खाली उभी राहून वायर सुटून पडताना बघत राहिली.

मी ऑफिसात परतले. माझ्या दृष्टीनं काम झालं होतं. शॉकची बातमी मात्र हायवेवर पसरली आणि ट्रक तिच्या दारात थांबेनासे झाले. तिनं परत भट्टी पेटवली. हे मला नंतर भोईरांकडून कळलं.

पुढे माझी बदली जिन्याखालच्या खोलीत झाली. एक दिवस दारात आंबीबाई उभी. बरोबर भोईर, बूट काढून, अवघडल्यासारखे.

“तुमीच कापली ना वीज?” ती म्हणाली. “आता भोईर सांगतंय, तुमी उनावर पानी तापवायची पेटी देता. मंग मना द्या.”

मी तिला बसवलं. खोकल्यानं तिला मधेमधे थांबावं लागत होतं. डॉक्टरनं भट्टीजवळ जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. भट्टीजवळ नाही गेली तर धंदा बंद. धंदा बंद केला तर ती आणि नवऱ्यानं टाकलेली लेक, दोघींनी खायचं काय? आजूबाजूच्या सगळ्यांनी जागा विकल्या होत्या. तिला विकायची नव्हती.

अडचण अशी होती की योजना वीज वाचवणाऱ्यांसाठी होती. आंबीबाईकडे वीजच नव्हती, कारण ती मीच तोडली होती. मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब पुण्याचे, नियमाचे पक्के, पण दुष्ट नव्हते. ते म्हणाले, “सावंतबाई, जिच्याकडे वीज नाही, तिनं कमी काय वापरायचं?”

“आधी वापरत होती, साहेब. धंद्याचं मीटर होतं.”

“होतं. आता नाही. आणि पत्र्याची शेड! त्यावर टाकी ठेवलीत तर कोसळेल.”

मी दोन्हीवर तोड काढली. टाकी शेडवर न ठेवता बाजूला लोखंडी घोडीवर ठेवायची, विहिरीचं पाणी हातपंपानं तिच्यात चढवायचं. आणि आंबीबाईनं एका दिव्यापुरती वीज नव्यानं घ्यायची, नीट वायरिंग करून, म्हणजे ती पुन्हा खात्याची ग्राहक झाली. वीज कमी वापरण्यासाठी तिनं आधी वीज जोडून घेतली. साहेबांनी हे सगळं ऐकून चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “करा. पण हिवाळ्यात मी स्वतः बघायला येणार.”

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखानदारानं पेट्या बसवल्या. खात्याचे उरलेले पैसे आल्यावर हिशेब पुरा करायचा, नाही आले तर पेट्या काढून न्यायच्या, असं त्यानं तोंडावर सांगितलं. आंबीबाईनं मान हलवली. दिवाळी झाल्यावर काम संपलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं नळ सोडला, हात खाली धरला आणि झटकन मागे घेतला. मग परत धरला.

“चटकं लागतंय,” ती लेकीला म्हणाली. तिला विश्वास बसला होता की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.

थंडी पडली. मला वाटलं, आता हिचं चाललं असेल. इतर गच्च्यांवर माझे दौरे सुरू होते. जानेवारीत एका सकाळी साहेब म्हणाले, चला, तुमची ती न्हाणी बघू. जीपमधून निघालो. पुढे ड्रायव्हर आणि साहेब, मागे मी आणि भोईर. माजिवड्याचा चौक जवळ आला आणि साहेबांनी बोट दाखवलं.

आंबीबाईच्या शेडमागून काळपट धुराचा जाड लोट वर चढत होता.

“सावंतबाई,” साहेब म्हणाले, “ही तर भट्टी पेटवते.”

पेट्या शोभेला आणि पाणी लाकडावर, असली फसवाफसवी मी इतर ठिकाणी पाहिलेली होती. कुणी पैसे मिळाल्यावर पेट्या विकून टाकायचा, कुणी नळच जोडायचा नाही. भोईर खिडकीबाहेर बघत राहिले.

जीपचा आवाज ऐकून आंबीबाई पुढे आली. साहेबांनी नळ सोडायला लावला. पाणी कढत. साहेब म्हणाले, “असणारच. पाठीमागे भट्टी आहे.”

“भट्टी नाय साहेब.”

“मग तो धूर कसला?”

ती आम्हाला शेडमागे घेऊन गेली. तीन दगडांची चूल होती. आत नारळाची सोडणं, ओला पालापाचोळा, थोडी लाकडं. वर काहीच नव्हतं. भांडं नाही, पिंप नाही. नुसता धूर.

“ही काय भानगड आहे?” साहेबांनी विचारलं.

आंबीबाई म्हणाली, “ती माजी पाटी हाय.”

कुणालाच कळलं नाही. मग तिनं समजावलं. इतकी वर्षं हायवेवरून येणारे ड्रायव्हर लांबूनच तिचा धूर बघायचे. धूर दिसला म्हणजे पाणी तापलंय. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, आणि शेड तर लांबून दिसतही नसे. पेट्या बसल्या, धूर बंद झाला, आणि ट्रक नुसते पुढं जाऊ लागले. त्यांना वाटलं न्हाणी बंद पडली. एक दिवस राममिलन गाडी थांबवून बघायला आला. म्हातारी मेली की काय, म्हणून. तिनं त्याला सांगितलं पाणी आहे. तो चूल शोधायला लागला. “अम्मा, आग कहाँ है? आग नहीं तो पानी गरम कैसे?” त्या शॉकनंतर तो कशालाच हात लावायला तयार नव्हता. तिनं आधी स्वतःच्या पायावर पाणी ओतून दाखवलं, तेव्हा कुठे तो बसला. न्हाऊन उठला आणि जाताना म्हणाला, “धुआँ तो करो, अम्मा. दिखे तो सही.”

तेव्हापासून ती रोज धूर करत होती. गाड्या परत थांबू लागल्या होत्या.

साहेबांनी वाकून चुलीत बघितलं. मग म्हणाले, “हे तुम्ही सांगताय. खरं कशावरून?”

मी म्हटलं, “साहेब, आत्ता चूल विझवू, टाकी रिकामी करून गार पाणी भरू. रात्रभर भोईर इथं राहतील. उद्या पहाटे पाणी बघू. गरम असेल तर ते उन्हाचंच.”

भोईरांनी स्वतः चुलीवर पाणी ओतलं. रात्री ते शेडबाहेर खाट टाकून झोपले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पोचलो, तर नेहमीचे ट्रक उभे होते आणि आत आंघोळी चाललेल्या होत्या. मी शेडबाहेरच थांबले. पुरुषांची न्हाणी, मी आत कशी जाणार? एरवी मी तपासण्या दुपारी करायचे, तेव्हा न्हाण्या रिकाम्या असायच्या. त्यामुळे साहेबांनाच थर्मामीटर घेऊन आत जावं लागलं. आयुष्यात त्यांनी तो पहिल्यांदाच हातात धरला असावा. आतून आवाज येत होते.

“अरे भाई, कौन है?”

“वीज खातं. नळ कुठं आहे?”

“नल यहाँ है साहब, लेकिन सँभाल के!”

मग पाण्याचा सपकारा आणि मोठं हसणं. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि चष्म्यावर वाफ जमली होती. त्यांनी चष्मा काढला, थर्मामीटर माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “आहे गरम. चांगलंच गरम आहे.”

आंबीबाई दारात उभी होती. तिनं त्यांना कोरडं फडकं दिलं. पाय पुसता पुसता साहेब तिला म्हणाले, “धूर तर तुला करावाच लागणार. पण त्याची काजळी तुझ्याच काचांवर बसते. काच काळी झाली की पाणी तापायचं नाही. चूल पलीकडच्या कोपऱ्यात ने, वारा तिकडून जातो. आणि रिकामी चूल कशाला जाळतेस? चहा ठेव त्यावर.”

हे साहेबांनी सुचवलं, मी नाही. आंबीबाईनं चूल हलवली आणि तिच्यावर भलंमोठं पातेलं ठेवलं. लेक चहा करू लागली. धुरापासून आंबीबाई स्वतः लांब राहिली. पुढे चहाबरोबर बटाट्याची भाजी आणि पाव आला. उरलेले पैसे खात्यानं दिले. कारखानदार पेट्या न्यायला आला नाही. पुढच्या वर्षी तिचा खोकला गेला असं मी म्हणणार नाही, पण बोलताना ती मधेच थांबायची बंद झाली.

पावसाळ्यात अर्थात ऊन नसायचं. तेव्हा ती ड्रायव्हरना स्वच्छ सांगायची, “आज पानी गार हाय. पाहिजे तर न्हा, नाय तर जा.” बहुतेक न्हायचे.

माझ्या कामातलं समाधान एवढंच होतं, आणि तेही फार टिकलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीनंतर योजना आवळत गेली आणि मग बंद झाली. जिन्याखालच्या खोलीत स्टेशनरी ठेवू लागले. आम्ही बसवून घेतलेल्या पेट्यांपैकी बऱ्याच दुरुस्तीअभावी मेल्या. डोंबिवली-ठाकुर्लीच्या खाऱ्या बोअरच्या पाण्यानं नळ्या आतून चुन्यासारखा थर बसून बुजल्या. काही ठिकाणी शेजारी उंच इमारत उभी राहिली आणि हिवाळ्यात, नेमकं पाहिजे तेव्हा, सावली पडू लागली. तांबं भंगारात विकलं गेलं. अण्णांचं मंगल कार्यालय पाडून तिथं बँक झाली. तक्रार करण्यात अर्थ नाही. बंब बसवायला लोकांना पैसे दिले, पण तो सांभाळायला शिकवणारं कुणी ठेवलं नाही. हे तेव्हाही आम्हाला दिसत होतं. वरच्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

आंबीबाईची न्हाणी चालू राहिली, कारण ती रोज काच पुसायची आणि वर्षातून एकदा कारखानदाराच्या माणसाला बोलावून नळ्या साफ करून घ्यायची. मला कामाचा संबंध उरला नव्हता. तरी त्या बाजूला गेले की मी डोकावायचे. चहा व्हायचा. ती मला मॅडम म्हणायची.

मग चौकातला रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले आले आणि त्यांच्या खुणा सरळ तिच्या शेडमधून गेल्या. ट्रकना तिथं थांबायला मनाई झाली, ते पुढच्या टोलनाक्याकडे थांबू लागले. आंबीबाईला जागेचे पैसे मिळाले. लेकीचं दुसरं लग्न भिवंडीकडे झालं होतं, तिथं तिनं खानावळ घातली होती. पेट्या आणि टाकी तिकडे जायच्या होत्या. निवृत्तीला आलेले भोईर एका शनिवारी ऑफिसात आले आणि म्हणाले, “मॅडम, आंबीबाईनं उद्या बोलावलंय. काय काम हाय ते सांगत नाय.”

रविवारी सकाळी मी गेले. शेडचे निम्मे पत्रे काढलेले. चूल विझलेली. रस्त्याकडे मात्र भिंत अजून होती. आंबीबाई आता पुरती म्हातारी झाली होती, कासोटा तसाच.

“पेट्या उद्या उतरवनार,” ती म्हणाली. “पन टाकीत कालचा पानी तापलेला हाय. टाकून काय द्यायचा? बाय, तू न्हा.”

मला क्षणभर कळलंच नाही. बाय म्हणजे मी, हे आधी ध्यानात आलं. “मी घरून आंघोळ करून आलेय.”

“डोकीवरना?”

“नाही.”

“मंग चल.”

भोईर गालातल्या गालात हसत रस्त्यापलीकडे बिडी ओढायला निघून गेले. आंबीबाईनं शेडचं दार आतून ओढलं, तुटक्या कडीत काठी अडकवली. मी साडी काढून खुंटीला टांगली आणि परकरावर दगडावर बसले. इतक्या वर्षांत त्या दगडावर किती ड्रायव्हर बसले असतील, तो गुळगुळीत झाला होता आणि रात्रीचा गारवा अजून त्याच्यात होता.

तिनं बादली भरली, त्यात थोडं गार मिसळलं, कोपर बुडवून बघितलं. मग तांब्यानं माझ्या डोक्यावर ओतलं.

त्या टाकीतलं पाणी मी किती वेळा मोजलं होतं. काचेच्या नळीत पारा चढलेला बघितला होता, वर जाऊन आकडा सांगितला होता. ते अंगावर कसं लागतं, हे मला माहीत नव्हतं. खांद्यावरून उतरताना ते जड लागत होतं. विहिरीच्या पाण्याला थोडा मचूळ वास होता. ती माझी पाठ तळहातानं घासत होती आणि तो तळहात अगदी खरखरीत होता. पत्र्याच्या फटीतून ट्रकची चाकं जाताना दिसत होती. एकही थांबत नव्हता.

“राममिलन गेला,” ती मधेच म्हणाली. “त्याचा पोऱ्या आयलेला सांगायला. आता तोच गाडी चालवतो.”

“थांबतो का तो?”

“कुटं थांबल? पोलीस उभा ऱ्हातो ना.”

तिनं दुसरी बादली ओतली, मग तिसरी. टाकीतलं पाणी हळूहळू संपत आलं, तसं कोमट होत गेलं. शेवटचा तांब्या तिनं माझ्या पायांवर ओतला आणि पंचा पुढे केला.

साडी नेसून मी केस पिळत बाहेर आले. निघायचं म्हणून गमतीनं विचारलं, “आंबीबाई, किती झाले?”

तिनं हात पुढे केला आणि दर सांगितला.

मी हसले, पण तिचा हात तसाच पुढे होता.

“तीन बादल्या झाल्या,” ती म्हणाली. “फुकट कुनाला न्हाऊ घातला नाय मी.”

मी पर्समधून नोट काढून दिली. तिनं ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली, पत्र्याच्या डब्यात टाकली आणि उरलेली चिल्लर माझ्या ओल्या हातावर ठेवली.